आई-बाबांना रिटर्नवर ‘डिपेंडंट’ दाखवण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी पायरीपायरीने

फेब्रुवारी लागला की मला हमखास येणारा फोन असा असतो: “अगं, आई-बाबा ऑक्टोबरपासून इथेच आहेत. यंदा त्यांना रिटर्नवर दाखवून टाकू ना?” म्हणजे आपल्या टॅक्स रिटर्नवर ‘डिपेंडंट’, आपल्या खर्चावर अवलंबून असलेली माणसं, म्हणून. ‘दाखवून टाकू’ ऐकलं की मी गॅसवर चहा ठेवते. तासभर तरी जाणार, हे तेव्हाच कळतं.

मी सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, नाही. न्यू जर्सीत राहते, एका कंपनीत हिशोबाचं काम बघते, आणि गेली अकरा वर्षं आमच्या घरात आधी सासूबाईंचा, मग आईचा हा हिशोब दरवर्षी मांडते. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. आकडे २०२५ या कर-वर्षाचे आहेत, म्हणजे जो रिटर्न २०२६ च्या एप्रिलपर्यंत भरायचा त्याचे. दरवर्षी ते थोडे सरकतात, तेवढं बघून घ्या.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना तुम्ही दरमहा कितीही पैसे पाठवा, ते तिथेच राहत असतील आणि अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील तर त्यांना अमेरिकेच्या रिटर्नवर दाखवता येत नाही. त्यांच्या औषधपाण्याचा तिथला खर्चही वजा होत नाही. आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, तुमचं मन दिसत नाही, त्यांचा कायदेशीर मुक्काम कुठे आहे ते दिसतं.

मुळात मिळतं काय?

थेट मिळतात ते ५०० डॉलर. २०१७ पर्यंत प्रत्येक डिपेंडंटमागे ४,०५० डॉलर उत्पन्नातून वजा व्हायचे. २०१८ पासून ती सूट शून्यावर आली आणि तिच्या जागी हे ५०० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजावट, आलं. तुमचा कर जेवढा बसतो तेवढ्यापुरतंच ते वापरता येतं, उरलेलं हातात मिळत नाही. नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं (इतरांचं दोन लाखांच्या) की दर हजारामागे ५० डॉलर कापले जातात. म्हणजे ४,१०,००० डॉलर कमावणाऱ्या जोडप्याच्या हाती एका डिपेंडंटमागे भोपळा.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण त्या एका नोंदीने दुसऱ्या काही सवलती उघडतात, काही बंदही होतात. एकट्या मुलाला किंवा मुलीला त्याचा दीड-दोन हजार डॉलरचा फायदा होऊ शकतो, आणि विम्याची सबसिडी घेणाऱ्या आई-बाबांचं त्याहून मोठं नुकसान होऊ शकतं. शिवाय आई आणि बाबा हे कागदावर दोन वेगळे माणूस आहेत. एक बसतो, दुसरा बसत नाही, असं फार वेळा होतं. दोघांना एका दोरीने बांधू नका.

पायरी १: नातं तपासा

आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी-सावत्र भावंडं, मुलं-नातवंडं, सासू-सासरे, सून-जावई, दीर-नणंद, मेहुणा-मेहुणी हे सगळे यादीत आहेत. यांनी तुमच्याच घरात राहिलं पाहिजे अशी अट नाही. बाबा डॅलसमध्ये वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहतात आणि खर्च तुम्ही करता, तरी चालतं.

गंमत पुढे आहे. काका, मामा, आत्या, मावशी चालतात, पण रक्ताचे असतील तरच. काकू, मामी, मावशीचे यजमान या यादीत नाहीत. भाचा-पुतणी चालतात, चुलत-मावस-आते-मामे भावंडं नाहीत. आपल्याकडे चुलत भाऊ हा भाऊच असतो, ‘कझिन’ हा शब्द आपण इथे येऊन शिकलो. आयआरएस मात्र ‘कझिन’ वरच अडून बसते. यादीबाहेरच्या माणसाला दाखवायचं असेल तर त्याने १ जानेवारी ते ३१ डिसेंबर तुमच्याच घरी राहिलेलं हवं. मध्ये दवाखान्यात किंवा सुट्टीला गेला तर ते घरीच धरतात.

लग्नाने जुळलेलं नातं मृत्यूने किंवा घटस्फोटाने तुटत नाही, हेही कायद्यात आहे. नवरा गेल्यावरही सासूबाईंना सांभाळणारी सून त्यांना दाखवू शकते.

मोठ्या मुलांचं थोडक्यात. १९ वर्षांखालचा, किंवा २४ खालचा पूर्णवेळ विद्यार्थी मुलगा वेगळ्या गटात मोडतो आणि त्याला खालची उत्पन्नाची अट लागत नाही. कायमचं अपंगत्व असेल तर त्या गटात वयाचीही अट नाही. पदवी घेऊन पंचविसाव्या वर्षी घरी बसलेला मुलगा मात्र आजी-आजोबांच्याच रांगेत उभा राहतो, त्याला खालच्या सगळ्या पायऱ्या लागू.

पायरी २: ते अमेरिकेचे ‘रेसिडेंट’ आहेत का?

ऑक्टोबरपासून आलेल्या आई-बाबांचा प्रश्न इथे सुटतो.

अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. वर्षातला काही भाग रेसिडेंट असले तरी पुरतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये ग्रीन कार्डवर उतरलेली आईही ही पायरी पार करते.

व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे बी-२ वर असतील तर दिवस मोजायचे. या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक-तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षीचा एक-षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त आणि या वर्षी किमान ३१ दिवस, तर ते करापुरते रेसिडेंट.

१५ ऑक्टोबर २०२४ ला आले, १० एप्रिल २०२५ ला गेले, त्याआधी कधी आले नव्हते. २०२५ चे १०० दिवस, २०२४ च्या ७८ चा तिसरा हिस्सा २६, बेरीज १२६. नाही बसत, विषय संपला. पण दरवर्षी मे ते ऑक्टोबर असे १७० दिवस येणारे आजी-आजोबा बघा: १७० अधिक ५६ अधिक २८, म्हणजे अडीचशेच्या वर. ते गणिताने रेसिडेंट झालेले असतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

अशा वेळी, या वर्षीचे दिवस १८३ पेक्षा कमी असतील आणि घरदार-बँक-गोतावळा भारतात असेल, तर फॉर्म ८८४० भरून ‘आमचं खरं घर तिकडे’ असं सांगून रेसिडेंट होणं टाळता येतं. दोन्ही दगडांवर पाय मात्र चालत नाही. ८८४० भरलात तर डिपेंडंट दाखवता येत नाही. दाखवायचं असेल तर ते रेसिडेंट, आणि रेसिडेंट म्हणजे त्यांचं भारतातलं व्याज, भाडं, पेन्शन सगळं अमेरिकेच्या नजरेखाली. ५०० डॉलरसाठी मी तरी व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना या भानगडीत पाडणार नाही.

पायरी ३: त्यांचं स्वतःचं उत्पन्न

२०२५ साठी मर्यादा आहे ५,२०० डॉलर (२०२४ साठी ५,०५०). एकूण करपात्र उत्पन्न याहून कमी हवं, आणि हे प्रत्येकाचं वेगळं मोजायचं.

रुपयाचा सरासरी दर समजा ८५ धरला, तर ५,२०० डॉलर म्हणजे ४,४२,००० रुपये. सात टक्के व्याजाने हे जवळपास त्रेसष्ट लाखांच्या एफडीचं वर्षाचं व्याज झालं. बाबांचं पेन्शन महिना ४०,००० असेल तर वर्षाचे ४,८०,०००, म्हणजे साधारण ५,६५० डॉलर. बाबा बाद. आईच्या नावावर वीस-पंचवीस लाखांची एफडी असेल तर आई आरामात बसते. मराठी मध्यमवर्गीय घरांत नेहमी दिसणारं चित्र हेच: पेन्शनवाले बाबा बाहेर, गृहिणी आई आत.

इथे माणसं अडखळतात ती अशी.

‘भारतात करमुक्त’ म्हणजे इथे करमुक्त नव्हे. पीपीएफचं व्याज तिकडे माफ असेल, इथे मोजलं जातं.

भाडं मोजताना खर्च वजा करायचा नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं महिना ३०,००० आणि सोसायटी मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटीत निम्मं गेलं, तरी या पायरीपुरते पूर्ण ३,६०,००० धरायचे. तोच फ्लॅट विकला तर त्यावरचा नफाही त्या वर्षीच्या उत्पन्नात येतो.

सामायिक नावाच्या एफडीत भारतात पहिलं नाव कुणाचं ते बघतात, इथे मूळ पैसा कुणाचा ते. डिसेंबरात घाईघाईने पावत्यांवरची नावं फिरवून आईचं उत्पन्न बाबांकडे सरकत नाही.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर थांबा. भारत-अमेरिका करारात सरकारी पेन्शनला वेगळं कलम आहे, आणि ग्रीन कार्डवाल्याला ते व्हिजिटरसारखं लागू होत नाही. सगळ्या लेखात पैसे मोजून सीपीएला विचारावा असा हा मुद्दा.

दुसरीकडे, मुलांनी दिलेले पैसे हे उत्पन्न नव्हे. अमेरिकेची सोशल सिक्युरिटी मिळत असेल आणि दुसरं फारसं उत्पन्न नसेल, तर ती सहसा करपात्र नसते, म्हणून इथे धरली जात नाही. पुढच्या पायरीत मात्र ती येते.

पायरी ४: निम्म्याहून जास्त खर्च तुमचा हवा

इथे वेळ घालवा. बहुतेक जण ‘आई आमच्याकडेच असते, म्हणजे खर्च आमचाच’ म्हणून पुढे सरकतात. असेलही, पण नोटीस आली तर हे वाक्य पुरत नाही, कागद लागतो. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०१ मध्ये यासाठी तयार तक्ता आहे. आमच्या फ्रिजवर तो दर जानेवारीत लागतो.

आधी घराचा सामायिक खर्च काढायचा: राहण्याची किंमत, किराणा, वीज-पाणी-गॅस-इंटरनेट, किरकोळ दुरुस्त्या. घर भाड्याचं असेल तर भाडं. स्वतःचं असेल तर कर्जाचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, घराचा विमा यातलं काहीच धरायचं नाही. तसं घर तुमच्या भागात भाड्याने गेलं असतं तर किती आलं असतं, तो आकडा घ्यायचा. शेजारच्या दोन-तीन भाड्याच्या जाहिरातींचे प्रिंट काढून ठेवा, तोच पुरावा.

पाच माणसांचं घर घेऊ. घराचं वाजवी भाडं महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. किराणा महिना १,५००, वर्षाचे १८,०००. वीज-पाणी वगैरे ६,०००. एकूण ६०,०००, भागिले पाच, आईच्या वाट्याला १२,०००.

त्यात फक्त तिच्यासाठी झालेला खर्च मिळवायचा: आरोग्य विम्याचे हप्ते ७,२००, औषधं आणि चष्मा ६००, कपडे ४००, विमानाचं तिकीट आणि फिरणं १,८००. झाले २२,०००. याचं निम्मं ११,०००. तुम्ही ११,००० पेक्षा एक डॉलर तरी जास्त दिलेला हवा.

यातले तिकिटाचे १,८०० आणि कपड्यांचे २०० आईने आपल्या पैशातून दिले, तर तुमचे २०,००० उरले. पायरी पार.

आता यातली खरी खाच. आईकडे किती पैसा आहे याला महत्त्व नाही, तिने स्वतःवर किती खर्च केला याला आहे. साताऱ्याच्या बँकेत तिचं व्याज नुसतं साचत असेल तर ते या तक्त्यात येत नाही. तिने नातवाच्या मुंजीला दिलेली चेनही येत नाही, कारण ती तिच्यावरचा खर्च नाही. पण तिने आपल्या एफडीतून गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे भरले, तर त्या वर्षीचं पारडं एकदम तिच्याकडे झुकू शकतं. आमच्याकडे एकदा असंच झालं असतं. आईचा हट्ट: “माझं दुखणं माझ्या पैशाने.” मी म्हटलं, ऑपरेशनचं बिल मी भरते, तू मला घराचे पडदे घे. पडदे तिने मला दिलेली भेट ठरली. तिचा स्वाभिमान शाबूत राहिला आणि माझा तक्ताही.

मेडिकेअरने (६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने) थेट दवाखान्याला दिलेले पैसे मोजायचे नाहीत. आयुर्विम्याचे हप्ते आणि तिने भरलेला आयकरही नाही. आणि आईचं नाव असलेल्या सामायिक खात्यातून घरखर्च करत असाल तर तिने त्यात टाकलेली रक्कम तिचाच खर्च धरली जाते. तिचे पैसे तिच्या वेगळ्या खात्यात राहू द्या, वर्षअखेरीचा अर्धा वाद वाचतो.

ग्रीन कार्डवर पहिल्यांदा आलेल्या वर्षाबद्दल नेहमी विचारतात. हिशोब पूर्ण कॅलेंडर वर्षाचा, म्हणजे जानेवारी ते ऑगस्ट ती सांगलीत स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने जगली ते महिनेही धरायचे. ऐकून लोक नाउमेद होतात, पण आकडे मांडून बघा. सांगलीत महिना ४०,००० प्रमाणे आठ महिन्यांचे ३,२०,०००, साधारण ३,७६५ डॉलर. इथले चार महिने वरच्या हिशोबाने ७,३०० च्या आसपास. रुपयातले आठ महिने डॉलरातल्या चारांपुढे हलके पडतात.

भावंडांत खर्च वाटला असेल तर

एक भाऊ एडिसनला, बहीण डॅलसला, धाकटा सॅन होजेला. आईच्या खर्चात थोरल्याचे ४० टक्के, बहिणीचे ३०, धाकट्याचे २०, आईचे स्वतःचे १०. एकट्या कुणाचेच निम्म्यावर जात नाहीत. मग कुणीच दाखवायचं नाही?

दाखवता येतं. तिघं मिळून निम्म्याच्या वर आहेत, आणि ज्याचा वाटा १० टक्क्यांहून जास्त त्यांच्यापैकी कुणीही एक, बाकीच्यांच्या संमतीने. बाकीच्यांनी ‘यंदा मी दाखवणार नाही’ असं लिहून सही करून द्यायचं. दाखवणाऱ्याने रिटर्नला फॉर्म २१२० जोडायचा आणि सह्यांचे कागद आपल्याकडे ठेवायचे. पुढच्या वर्षी दुसऱ्याने. कोकणातल्या घरांत भावाभावांत गणपती फिरतो, तसंच.

पाळी लावताना थोडी अक्कल वापरा. ज्याचं उत्पन्न वरच्या मर्यादेपलीकडे आहे त्याच्याकडे वर्ष देऊन काही मिळत नाही. आणि अशा वाटणीतल्या आईवर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ ही सवलत मिळत नाही, ती आपण खाली बघू.

न बोलता दोघांनीही दाखवलं तर? दुसऱ्याचा रिटर्न सहसा ई-फाइलमधून परत येतो. जानेवारीत व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर एक ओळ टाका, ‘यंदा आई कुणाकडे?’

दाखवल्यावर त्यांच्या बाजूने काय बदलतं

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा जोराने सांगते.

पहिलं, आई-बाबांचा एकत्र रिटर्न. आईने बाबांबरोबर एकत्र रिटर्न भरला तर तुम्ही तिला दाखवू शकत नाही. अपवाद एकच: दोघांपैकी कुणावरही वेगळा कर बसत नव्हता आणि फक्त कापलेले पैसे परत मागायला तो भरला होता. म्हणजे आईला तुमच्याकडे घेतलं की बाबांना बहुधा एकट्याने, वेगळा रिटर्न भरावा लागतो आणि त्यांच्या सवलती आक्रसतात. तिथे त्यांचा कर ५०० पेक्षा जास्त वाढत असेल तर घरातल्या एका खिशातून काढून दुसऱ्यात कमी घातल्यासारखं होईल.

दुसरं, आईचं स्वतःचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) लहान होतं. डिपेंडंट असलेल्या, ६५ ओलांडलेल्या व्यक्तीला व्याज-भाड्यासारखं उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेलं की स्वतःचा रिटर्न भरावा लागतो. २०२५ साठी ही मर्यादा एकटीला ३,३५० आणि विवाहितेला २,९५० डॉलर. म्हणजे साडेतीन लाख व्याज मिळवणारी आई (साधारण ४,१२० डॉलर) तिसऱ्या पायरीवर बसते, पण तिला स्वतःचाही रिटर्न लागतो. भारतात कर कापला गेला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, तरी कागद भरायचे ते भरायचेच.

तिसरं, तुम्ही डिपेंडंट दाखवा की नको, लागूच आहे. ग्रीन कार्डवरच्या आई-बाबांची भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे साडेआठ लाख रुपयांच्या, तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. त्यावर कर नाही, ती फक्त माहिती. पण न भरल्याचा दंड मोठा. माझे बाबा म्हणाले होते, “मी तिकडे टॅक्स भरतो ना, मग यांना का सांगायचं?” त्यांना पटवायला मला दोन वर्षं लागली. शेवटी स्टीलच्या डब्यातून पावत्या काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि ते म्हणाले, “अगं, ही एक मी विसरलोच होतो.”

मार्केटप्लेसचा विमा असेल तर आधी इथे बघा

ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या ६५ वर्षांवरच्या पालकांना मेडिकेअर विकत घ्यायलाही साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. तोवर बरेच जण मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा-बाजारातून) विमा घेतात आणि हप्त्यावर सबसिडी मिळवतात. ही सबसिडी ‘कर-कुटुंबाच्या’ उत्पन्नावर ठरते. तुम्ही त्यांना डिपेंडंट दाखवलंत की ते तुमच्या कर-कुटुंबात आले, आणि सबसिडी त्यांच्या एफडीच्या व्याजावर न ठरता तुमच्या दोघांच्या पगारावर ठरते. वर्षभर घेतलेली सबसिडी एप्रिलमध्ये फॉर्म ८९६२ वर परत मोजली जाते आणि जास्तीची परत करावी लागते. किती परत करायची यावर काहींना एक कमाल मर्यादा होती, २०२६ या कर-वर्षापासून तीही काढून टाकली आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाच्या, स्थलांतराच्या नियमांमुळे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) न मिळणाऱ्या ग्रीन कार्डधारकांना २०२५ पर्यंत ही सबसिडी मिळायची. २०२६ पासून तो मार्ग बंद झाला. त्यामुळे मागच्या वर्षीचा तुमचा निर्णय बरोबर असला तरी यंदा तो नव्याने मांडा. आई-बाबांचा विमा मार्केटप्लेसचा असेल तर ५०० डॉलरकडे बघण्याआधी हाच आकडा काढा.

ज्या सवलतींसाठी हे करायचं, त्या

अविवाहित, घटस्फोटित किंवा जोडीदार गमावलेल्या मुला-मुलीसाठी सगळ्यात मोठी म्हणजे हेड ऑफ हाउसहोल्ड, घराचा खर्च चालवणाऱ्या एकट्या माणसाला रिटर्नवर मिळणारा वेगळा दर्जा. २०२५ मध्ये एकट्याचं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५०, हेड ऑफ हाउसहोल्डचं २३,६२५. फरक ७,८७५. बावीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,७३० डॉलरच्या आसपास वाचतात, शिवाय कराचे टप्पेही रुंद होतात. आई-वडिलांच्या बाबतीत त्यांनी तुमच्या घरी राहण्याची गरज नाही. ते डिपेंडंट ठरत असतील आणि त्यांच्या घराचा, अगदी वृद्धाश्रमाचा, वर्षभराचा निम्म्याहून जास्त खर्च तुमचा असेल तर पुरतं. ही सूट फक्त स्वतःच्या आई-वडिलांसाठी. सासूबाई असतील तर अर्ध्या वर्षाहून जास्त त्या तुमच्याकडे राहिलेल्या हव्यात.

औषधोपचाराचा खर्च तुमच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर गेला की तेवढा वजा करता येतो, पण स्टँडर्ड डिडक्शन सोडून एकेक खर्च मांडत असाल तरच. दीड लाख उत्पन्नाला पहिले ११,२५० डॉलर गेलेच. जोडप्यांचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० असताना हा मार्ग थोड्यांच्याच कामाचा. यात एक चांगली गोष्ट आहे: इथे ५,२०० ची उत्पन्नाची अट लागत नाही. पेन्शनमुळे बाद झालेल्या बाबांचा निम्म्याहून जास्त खर्च तुमचा असेल, तर त्यांच्या बायपासचं बिल तुम्ही धरू शकता.

आई-बाबांना एकट्याने उठणं-बसणं, जेवणं जमत नसेल, ते अर्ध्या वर्षाहून जास्त तुमच्याकडे राहत असतील आणि तुम्ही नोकरीला जाता म्हणून त्यांना अडल्ट डे केअरमध्ये ठेवत असाल, तर फॉर्म २४४१. एका माणसामागे ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात आणि बहुतेकांना त्याचे वीस टक्के, म्हणजे ६०० डॉलर मिळतात. केंद्राचा टॅक्स नंबर आधीच मागून घ्या, मार्चमध्ये तिथे कुणी फोन उचलत नाही. नुसतं भजन-गप्पांसाठी, विरंगुळा म्हणून जाणाऱ्या आजींना हे लागू नाही.

राज्याचं वेगळं. न्यू जर्सीत दर डिपेंडंटमागे १,५०० डॉलर उत्पन्नातून वजा होतात. कॅलिफोर्निया क्रेडिट देतं. टेक्ससमध्ये राज्याचा आयकरच नाही.

फॉर्म भरताना

१०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्न फॉर्मवर, डिपेंडंटच्या रकान्यात नाव पासपोर्टवर किंवा सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे मधलं नाव, लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव यांचा घोळ असतो, आणि एक अक्षर चुकलं तरी ई-फाइल परत येऊ शकते. नंबर, नातं, मग ‘इतर डिपेंडंट’ च्या क्रेडिटची खूण. क्रेडिटची आकडेमोड शेड्यूल ८८१२ वर होते, सॉफ्टवेअर ती आपोआप करतं.

नंबर रिटर्नच्या मुदतीपर्यंत (वाढवून घेतलेली मुदतही चालते) मिळालेला हवा. ग्रीन कार्ड असेल तर सोशल सिक्युरिटी नंबर. ज्यांना तो मिळू शकत नाही त्यांच्यासाठी आयटिन, म्हणजे आयआरएसने फक्त करापुरता दिलेला नंबर. त्याचा अर्ज फॉर्म डब्ल्यू-७, आणि तो रिटर्नबरोबरच पाठवायचा. नोटरी केलेली झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट, पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत, किंवा आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटाकडून तपासणी. पासपोर्टवर अमेरिकेत आल्याची तारीख हवी. नसेल तर त्यांच्या नावाने इथल्या पत्त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट वगैरे. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवून कित्येक आठवडे वाट बघत बसलेली, तिकीट पुढे ढकललेली माणसं मी पाहिली आहेत. एजंटाचे पैसे द्या.

नोकरीच्या ठिकाणी पगारातून किती कर कापायचा ते सांगणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मच्या तिसऱ्या पायरीत हे ५०० आधीच लिहिता येतात, म्हणजे पगारातून तेवढा कर कमी कापला जातो.

आणि एक पातळ फाईल. तिच्यात भरलेला तक्ता, भाड्याच्या जाहिरातींचे प्रिंट, विम्याच्या पावत्या, भारतातल्या बँकेची व्याजाची पत्रकं, त्या वर्षी वापरलेला रुपयाचा दर लिहिलेला कागद, आणि भावंडांच्या सह्या असतील तर त्या. रिटर्न भरल्यापासून किमान तीन वर्षं ती ठेवा. आमच्या फाईलवर आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘माझा खर्च, २०२५’. त्याखाली कंसात: ‘पडदे धरले नाहीत.’